खानदेशात नव्याने राहायला आलात तर: फोनपासून ओट्यापर्यंत

बदलीचा आदेश, औद्योगिक वसाहतीतली नोकरी, विद्यापीठातला प्रवेश किंवा लग्न, अशा कोणत्या ना कोणत्या निमित्ताने दरवर्षी कितीतरी मराठी कुटुंबे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत नव्याने राहायला येतात. राज्य तेच, कार्यालयीन भाषा तीच, त्यामुळे आपण परक्या मुलखात आलो आहोत असे सुरुवातीला कोणालाच वाटत नाही. ते वाटू लागते काही दिवसांनी, नळ कधी येणार हे शेजाऱ्याला ठाऊक असते आणि आपल्याला नसते तेव्हा, किंवा भाजीबाजारात दोन माणसे अहिराणीत काहीतरी बोलून हसतात आणि आपण पिशवी धरून नुसते उभे राहतो तेव्हा. पूर्वी बदलून आलेल्या माणसाला संध्याकाळ खायला उठत असे आणि तो कंटाळाच त्याला शेजारच्या ओट्यावर नेऊन बसवत असे. आता संध्याकाळी हातात फोन असतो आणि फोनमध्ये जुने गाव जसेच्या तसे भरलेले असते; त्यामुळे माणूस जळगावच्या महाबळ भागात किंवा धुळ्याच्या देवपुरात राहतो, पण वावरतो मात्र सांगलीत किंवा लातुरात.

स्थलांतरितांच्या मानसशास्त्राचा दीर्घकाळ अभ्यास केलेले कॅनडातील अभ्यासक जॉन बेरी यांनी अशा माणसापुढे दोन प्रश्न असतात असे मांडले आहे: आपले जुने जपायचे की नाही, आणि नव्या समाजात मिसळायचे की नाही. दोन्हींचे उत्तर ‘होय’ देणाऱ्याचे सर्वांत बरे चालते, असा त्यांच्या मांडणीचा निष्कर्ष आहे. फोनने पहिल्या प्रश्नाचे उत्तर फारच सोपे करून टाकले आहे; दुसऱ्याचे उत्तर मात्र अजूनही पायांनीच द्यावे लागते. म्हणून पुढच्या सर्व पायऱ्यांना एकच कसोटी लावली आहे: फोनवर जे कळले, ज्याची ओळख झाली, ते काही दिवसांत प्रत्यक्ष भेटीपर्यंत पोचले की नाही.

पहिली पायरी: येण्याआधीची तयारी

सामान बांधण्याच्या आधीच जिल्हा माहिती कार्यालय, जिल्हा पोलीस दल आणि संबंधित महापालिका किंवा नगरपालिका यांची समाजमाध्यमांवरील अधिकृत खाती शोधून त्यांचे अनुसरण सुरू करावे. त्याबरोबर स्थानिक आवृत्ती असलेल्या एखाद्या दैनिकाचे पान आणि शक्य असेल तर आकाशवाणी जळगावचे प्रादेशिक कार्यक्रम ऐकण्याची सवय लावावी. गावांची, रस्त्यांची, धरणांची आणि पुढाऱ्यांची नावे कानावरून गेलेली असली की पहिल्या आठवड्यात माणूस निम्मा कमी बावचळतो.

खानदेश म्हणजे एकच एक प्रदेश, असे मात्र समजू नये. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला आणि तिथल्या अक्कलकुवा-धडगाव भागातला सातपुडा हा जळगावच्या सराफ बाजारापेक्षा अगदी निराळा मुलूख आहे. भुसावळ हे रेल्वे, आयुध निर्माणी आणि जवळच्या दीपनगरच्या वीजकेंद्रामुळे बाहेरून आलेल्यांनीच घडवलेले गाव असल्याने तिथे नवख्याकडे कोणी वळून पाहत नाही. उलट रावेर-यावल पट्ट्यातल्या एखाद्या गावी बदली झाली तर तुम्ही पोचण्याआधी तुमचे आडनाव आणि मूळ तालुका गावभर झालेला असतो. तिथल्या ग्रुपवर सकाळी सुप्रभातच्या फुलांपाठोपाठ केळीचे भाव येतात, आणि गावाची त्या दिवशीची मनःस्थिती पुष्कळदा त्या भावावरून ओळखता येते.

जुना मोबाइल क्रमांक बदलू नये. बँक, आधार, निवृत्तिवेतन, सगळे त्याला जोडलेले असते.

दुसरी पायरी: घर शोधणे

घरांच्या जाहिराती फेसबुकवर आणि खरेदी-विक्रीच्या ॲपवर ढिगाने दिसतात, परंतु त्यांचा उपयोग भाड्याचा साधारण अंदाज घेण्यापुरताच करावा. फोटो पाहून आगाऊ रक्कम पाठवू नये, मग समोरचा माणूस सैन्यात असल्याचे सांगून ओळखपत्राचे छायाचित्र पाठवो किंवा आणखी दोन कुटुंबे रांगेत असल्याचे सांगून घाई करो. या दोन्ही बतावण्या जुन्या झाल्या आहेत. ज्या भागात राहायचे आहे तिथे दुपारी न जाता संध्याकाळी चक्कर मारावी, किराणा दुकानात विचारावे आणि ‘घर भाड्याने देणे आहे’ अशा पाट्या वाचाव्यात. खानदेशातली बरीच चांगली घरे अजूनही ॲपवर येतच नाहीत, कारण मालकाला आधी माणूस पाहायचा असतो. घर पाहताना दोन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: पाणी किती दिवसांनी येते आणि वरच्या मजल्याच्या छतावर उन्हाळ्यात काय सोय आहे. जळगाव-भुसावळचा मे महिना ४५ अंशांच्या आसपास जातो आणि स्लॅबखालची खोली म्हणजे काय, हे जाहिरातीतल्या छायाचित्रात दिसत नाही.

भाडेकरार नोंदवलेलाच असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला देणे हाही औपचारिक छळ समजू नये. पुढे पाचव्या पायरीत जे सांगितले आहे ते वाचल्यावर त्या कागदाची किंमत पटेल.

तिसरी पायरी: गल्लीचा ग्रुप

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्यावा. कॉलनीचा किंवा गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप हा आजचा पार आहे, मात्र त्यात शिरण्याचीही रीत आहे. दुव्यावर टिचकी मारून परस्पर आत जाऊ नये; घरमालकाला किंवा शेजारच्या नानांना, अप्पांना सांगून ॲडमिनकडून नाव घालून घ्यावे, म्हणजे तुमच्यामागे कोणीतरी उभे आहे हे सर्वांना कळते. पहिला संदेश तीन ओळींचा असावा: नाव, कोणाच्या घरात राहायला आलो आहोत, कामाचे ठिकाण. शिक्षण, पद, पुरस्कार हे लिहू नये. खानदेशात माणसाला पदापेक्षा आबा, बापू, तात्या, भाऊ अशा नात्याने हाक मारण्याची सवय आहे आणि महिन्याभरात तुम्हालाही एखादे संबोधन मिळेल. ते आपणहून ‘सर’ किंवा ‘साहेब’ असे लावून घेतले तर तेच कायमचे चिकटते आणि मधली भिंतही तेवढीच पक्की होते.

पहिला महिना फक्त वाचावे. कोण काय विचारतो, कोणाला उत्तर मिळते, कोणत्या विषयावर सगळे एकदम गप्प होतात, हे वाचता वाचता गल्लीचा नकाशा तयार होतो. जळगाव-धुळ्याच्या अनेक भागांत पाणी रोज येत नाही, त्यामुळे पहाटे कोणीतरी टाकलेला ‘नळ आले’ हा दोन शब्दांचा संदेश त्या ग्रुपवरचा सर्वांत महत्त्वाचा मजकूर असतो, आणि तो टाकणारा माणूस कोण आहे याची खास नोंद घ्यावी. तोच बहुधा व्हॉल्व्ह सोडणाऱ्याला ओळखतो, वीज गेली की महावितरणला सर्वांआधी फोन लावतो आणि रात्री दोन वाजता दवाखान्यात न्यायला गाडी काढतो. अशा माणसाशी ओळख ग्रुपवर अंगठा दाखवून करू नये. दारावर जाऊन करावी.

ग्रुपवर येणाऱ्या मृत्यूच्या बातमीविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण नवखी माणसे इथेच कमी पडतात. सकाळी संदेश येतो: अमुक यांच्या मातोश्रींचे निधन झाले असून अंत्ययात्रा दहा वाजता राहत्या घरापासून निघेल. पाच मिनिटांत हात जोडलेल्या चित्रांची आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागते आणि नवा माणूसही त्या रांगेत आपले दोन शब्द टाकून कामाला निघून जातो. ते पुरेसे नाही. घर चार दारांवर असेल तर दहा मिनिटे जाऊन उभे राहावे. बोलायचे काहीच नसते, उभे राहणे हेच काम असते. पुढे गंधमुक्ती आणि उत्तरकार्याचा निरोपही ग्रुपवरच येतो, तेव्हा निदान एकदा बसून यावे. ज्याच्या ओट्यावर तुम्ही त्या दिवशी दिसलात त्याच्या घरचे लोक ते वर्षानुवर्षे विसरत नाहीत.

लग्नाच्या बाबतीतही तसेच. हल्ली पत्रिका फोनवरच येते आणि ‘हेच आग्रहाचे आमंत्रण समजावे’ ही ओळ इथे शब्दशः खरी असते. वरण-बट्टी आणि वांग्याच्या भाजीच्या पंगतीला न जाणाऱ्याला कामाचा ताण होता असे कोणी समजत नाही. हिवाळ्यात शेतात होणाऱ्या भरीत पार्टीचे निमंत्रण तर चुकवूच नये. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली मोठी हिरवी वांगी, ती लाकडी मुसळाने ठेचून केलेले भरीत आणि सोबत कळण्याची भाकरी, एवढाच कार्यक्रम असतो, पण बदलून आलेल्या अधिकाऱ्याला गाव आत घेते ते बहुधा याच पंगतीत. ग्रुपवर वर्गणीचा आकडा आला की त्याच दिवशी पैसे पाठवावेत. आठवण करायला लावणारा माणूस पुढच्या वेळी यादीत नसतो.

ग्रुप फार झाले तर सूचनांचा आवाज बंद करण्याची आणि संभाषणे बाजूला ठेवण्याची सोय व्हॉट्सॲपमध्ये आहे, ती वापरावी. ‘मला ग्रुपमध्ये कोण घालू शकते’ ही सेटिंग ‘माझे संपर्क’ अशी ठेवावी. ग्रुपमधून न सांगता बाहेर पडणे मात्र लहान गावात भांडण केल्यासारखे दिसते.

चौथी पायरी: बोली ऐकणे

अहिराणी, जळगावच्या पूर्व भागातली लेवा गणबोली, नंदुरबारकडच्या भिली आणि पावरी या बोली पुस्तकातून शिकण्याच्या नाहीत, पण यूट्यूबवर त्यांचे भांडार आहे. अहिराणीतली गाणी आणि विनोदी चित्रफिती खानदेशात आणि खानदेशाबाहेर सुरतेपासून पुण्यापर्यंत आवडीने पाहिल्या जातात. रोज एखादी चित्रफीत ऐकावी आणि तिच्याखालचे अभिप्रायही वाचावेत, कारण लोक खरे बोलतात ते तिथे. विनोदी चित्रफितींमधला सासरा किंवा पाटील जसा बोलतो तसे मात्र प्रत्यक्षात कोणाशी बोलू नये. ते सोंग असते. ‘कसं शे भाऊ?’ एवढे विचारता आले तरी सुरुवातीला भागते आणि समोरचा हसून उत्तर देतो. भिली किंवा पावरी बोलणाऱ्या गावात शिक्षक, परिचारिका किंवा ग्रामसेवक म्हणून गेलेल्यांनी चित्रफितींवर विसंबू नये. शाळेतल्या मुलांना विचारावे. त्यांच्याइतका आनंदाने शिकवणारा गुरू दुसरा मिळणार नाही.

पाचवी पायरी: अफवेपासून सावध राहणे

हा भाग कडवट आहे, पण खानदेशात समाजमाध्यमांविषयी लिहिताना तो टाळता येत नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचे संदेश आणि चित्रफिती देशभर पसरल्या होत्या. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथे आठवडे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच माणसांना या संशयावरून जमावाने मारहाण करून ठार केले. ती माणसे पोटासाठी गावोगाव फिरणारी होती आणि त्यांचा गुन्हा एवढाच होता, की तिथे त्यांना ओळखणारे कोणी नव्हते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच संभाषणांत संदेश पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढे एप्रिल २०२० मध्ये अनेकदा फिरलेल्या संदेशासाठी ती एकावर आणली.

नव्याने आलेल्या माणसाला या घटनेतून दोन्ही बाजूंनी घेण्यासारखे आहे. अफवा पसरते तेव्हा पहिला संशय अनोळखी माणसावर जातो आणि आज तो अनोळखी माणूस तुम्ही आहात. म्हणून सर्वेक्षण, विक्री, वसुली किंवा संशोधनाच्या कामासाठी आडवळणाच्या पाड्यावर जायचे असेल तर आधी सरपंच, पोलीस पाटील, आशा कार्यकर्ती किंवा शाळेतले गुरुजी यांच्यापैकी कोणाला तरी फोन करून जावे, ओळखपत्र जवळ ठेवावे, आणि लहान मुलांना खाऊ देणे, त्यांचे फोटो काढणे या निरागस वाटणाऱ्या गोष्टी पालकांच्या परवानगीशिवाय करू नयेत. फोनवरून आपले ठिकाण सहकाऱ्याला दिसत राहील असे करून ठेवणे चांगले. प्रसंग ओढवलाच तर ११२ हा क्रमांक आहे.

दुसरी बाजू अशी, की नवखेपणामुळे तुम्हीच अफवेचे वाहक होण्याची शक्यता जास्त असते. गावची माणसे एखादा संदेश पाहून ‘हे शक्यच नाही, तो पूल तर कधीच पडला’ असे म्हणू शकतात. तुम्हाला तो पूलच माहीत नसतो. त्यामुळे दुहेरी बाणाची खूण असलेला, तारीख नसलेला, ‘आत्ताच’ आणि ‘आपल्याच जिल्ह्यात’ असे शब्द असलेला संदेश आला की तो ग्रुपवर न टाकता एका जाणत्या माणसाला खासगीत विचारावा, जिल्हा पोलिसांच्या अधिकृत खात्यावर पाहावे, आणि केंद्र सरकारच्या योजनेविषयी असेल तर पीआयबी फॅक्ट चेककडे, म्हणजे केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाच्या पडताळणी विभागाकडे, पडताळावे. सणावारांच्या आणि निवडणुकांच्या काळात धर्माचे आणि जातीचे संदेश वाढतात. बाहेरच्या माणसाने त्यांत कोणाचीही बाजू घेऊन लिहू नये, अगदी बरोबर बाजूसुद्धा, कारण जुन्या भांडणांचे संदर्भ त्याला ठाऊक नसतात. सभासदाने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले असले तरी टाकणाऱ्याची जबाबदारी कुठेही गेलेली नाही.

सहावी पायरी: पैशांची फसवणूक

विचारायला जवळ कोणी नसते म्हणून नवखा माणूस लवकर फसतो. ‘आज रात्री तुमची वीज तोडली जाईल, या क्रमांकावर संपर्क साधा’ हा संदेश महावितरणचा नसतो. वीजबिलाचा प्रश्न अधिकृत ॲपवर किंवा उपविभागाच्या कार्यालयात सोडवावा, आणि तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. चित्रफितींना पसंती देऊन घरबसल्या पैसे मिळवण्याचे काम हा सापळा आहे. लग्नपत्रिकेच्या नावाने येणारी एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) अजिबात उघडू नये; खरी पत्रिका चित्र किंवा पीडीएफ असते, आणि नव्या गावात अर्धी आमंत्रणे अनोळखी क्रमांकांवरूनच येत असल्यामुळे हा डाव तुमच्यावर चालण्याची शक्यता अधिक आहे. व्हिडिओ कॉलवर पोलीस असल्याचे सांगून ‘डिजिटल अटक’ करणारा कोणीही पोलीस नसतो, कारण कायद्यात तशी अटकच नाही. फसवणूक झाली तर लाजून न बसता लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम वाटेतच गोठवली जाण्याची शक्यता असते. व्हॉट्सॲपचे दुपदरी सत्यापन (टू-स्टेप व्हेरिफिकेशन) आजच सुरू करावे.

सातवी पायरी: आपण काय टाकावे

नवीन गावाविषयी पहिल्या महिन्यात केलेली चित्रफीत पुष्कळदा तक्रारीची असते: ऊन, धूळ, तिखट, पाण्याचा दिवस. जुन्या मित्रांना ती गंमत वाटते. पण ती फिरत फिरत घरमालकाच्या मेहुण्याच्या फोनवर येते, आणि खानदेशी माणूस आपल्या उन्हाला स्वतः हवे तेवढे नावे ठेवतो, पण पाहुण्याने ठेवलेली त्याला चालत नाहीत. काय टाकावे असा प्रश्न पडला तर शेवभाजीपासून मेहरूणच्या तलावापर्यंत, अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरापासून धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळापर्यंत विषयांची वाण नाही. एखाद्या जागेविषयी प्रश्न विचारणारा मजकूर टाकला तर तिथले चार जाणकार उत्तर देतात, आणि त्या उत्तरांतून ओळखी होतात.

सातपुड्यातल्या सणांविषयी मात्र स्पष्ट इशारा द्यावासा वाटतो. होळीच्या आधी भरणारा भोंगऱ्या बाजार हा होळीच्या खरेदीचा आणि भेटीगाठींचा बाजार आहे. बाहेरून कॅमेरे घेऊन येणाऱ्यांनी तो ‘मुली पळवून नेण्याची जत्रा’ म्हणून समाजमाध्यमांवर इतका रंगवला, की आदिवासी संघटनांना त्याविरुद्ध वारंवार बोलावे लागले आहे. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावच्या राजवाडी होळीलाही हेच लागू आहे. तिथे जायचे असेल तर ओळखीच्या स्थानिक माणसाबरोबर जावे, चेहऱ्यासमोर कॅमेरा धरण्याआधी विचारावे, नाचणाऱ्या मुलींच्या चित्रफिती टाकूच नयेत, आणि शीर्षकात ‘गूढ’, ‘अनोखी’, ‘मागास’ असले शब्द वापरण्याचा मोह टाळावा. जे काढले ते त्याच माणसाला आधी दाखवावे. त्याने नको म्हटले तर ते आपल्या फोनमध्येच राहू द्यावे.

आठवी पायरी: घरात राहणाऱ्यांचा विचार

नोकरी करणाऱ्याला कार्यालय तरी मिळते. त्याच्यामागून आलेल्या पत्नीला, आईला किंवा नोकरी सोडून आलेल्या पतीला भिंती मिळतात, आणि मग फोन हाच एक सोबती उरतो. त्यांनी गल्लीच्या मोठ्या ग्रुपपेक्षा लहान ग्रुप शोधावेत: भिशी, बचत गट, भजनी मंडळ, शाळेतल्या पालकांचा ग्रुप. उन्हाळा लागला की बायकांच्या ग्रुपवर निरोप फिरू लागतात, की उद्या पहाटे अमुक काकूंच्या गच्चीवर बिबडे (ज्वारीचे पापड) थापायचे आहेत. ज्वारी भिजवून, दळून शिजवलेल्या घाट्याचे गोळे ओल्या फडक्यावर हाताने पातळ थापणे ही अंगमेहनत आहे आणि ऊन चढण्याआधी ती उरकावी लागते, म्हणून दोन जास्तीचे हात कोणालाही हवेच असतात. ‘मला येत नाही, पण मी येते’ एवढे लिहून जावे. तिथे दोन तासांत जेवढी माहिती मिळते, म्हणजे कोणता डॉक्टर ऐकून घेतो, कोणत्या शाळेची रिक्षा वेळेवर येते, कोणत्या दुकानदाराशी घासाघीस चालते, तेवढी कोणत्याही ॲपवर मिळत नाही. अनोळखी क्रमांकावरून आलेला व्हिडिओ कॉल उचलू नये आणि प्रोफाइलचे छायाचित्र फक्त संपर्कांतल्यांना दिसेल असे ठेवावे, इतकी सावधगिरी पुरे.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई ही खानदेशची देवी बसते. शेजारच्या घरी बसवली असेल आणि दर्शनाचे बोलावणे आले तर नारळ घेऊन जावे. कानबाईचे रोट (प्रसाद) बहुतेक घरांत भाऊबंदांपुरतेच असतात, त्यामुळे ते आपल्याला दिले नाहीत म्हणून परकेपणा मानू नये. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात आणि झोके बांधले जातात. त्या दिवसांत कोणाला कामाचे संदेश पाठवून उत्तराची वाट पाहू नये.

मुले सर्वांत लवकर रुळतात. त्यांना फोनपेक्षा मैदान द्यावे, एवढेच इथे पुरे.

नववी पायरी: जुन्या गावाशी धागा

जुने ग्रुप सोडायची गरज नाही. खानदेशातले लोक स्वतःच या बाबतीत अनुभवी आहेत: सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा भागांत कापडाच्या कामासाठी गेलेल्या हजारो खानदेशी कुटुंबांनी तिथे गुजराती शिकून घेतली, पोरांना तिथल्या शाळांत घातले आणि तरी गावाकडची आखाजी सोडली नाही. सुरत-भुसावळ लोहमार्ग जे काम पूर्वी एकटा करत होता ते आता भाऊबंदकीचे ग्रुपही करतात: स्थळे जमतात, खोल्या मिळतात, आजारपणात पैसे गोळा होतात. ऊसतोडीला गुजरातेत जाणारी नंदुरबारची आदिवासी कुटुंबेही मुकादमाचा निरोप आता फोनवरच घेतात. गल्लीतल्या एखाद्या सुरतेहून परतलेल्या तात्यांना सुरुवातीचे दिवस कसे काढले हे विचारावे. नवखेपणाविषयी ते कोणत्याही लेखापेक्षा अधिक सांगतील.

वेळेची वाटणी मात्र करावी. जुन्या गावाचे ग्रुप रात्री जेवणानंतर पाहावेत आणि संध्याकाळचे पाच ते सात हे दोन तास, जेव्हा ऊन उतरून माणसे ओट्यावर येतात, फोन घरात ठेवून बाहेर घालवावेत. आपल्याच जिल्ह्यातून आलेल्यांचे मंडळ किंवा ग्रुप इथे असेल तर तिथे जरूर जावे, कारण अडीअडचणीला ते लोक धावतात. पण तिथे दर वेळी नव्या गावाची उणीदुणी काढण्याचाच कार्यक्रम होत असेल तर महिन्यातून एखादी चक्कर पुरे.

कागदपत्रे आणि पुढची बदली

पत्ता बदलल्यावर आधारवरचा पत्ता अद्ययावत करावा, मतदार यादीतले नाव हलवण्यासाठी नमुना ८ भरावा, गॅसची जोडणी वर्ग करावी. शिधापत्रिकेवर धान्य मिळत असेल तर ‘एक देश, एक रेशन कार्ड’ व्यवस्थेमुळे ते इथल्या दुकानातूनही घेता येते. त्यासाठी कार्ड बदलण्याची अट नाही. बहुतेक दाखल्यांचे अर्ज ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून होतात, आणि सेवा किती दिवसांत मिळावी हे २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली ठरवून दिलेले असल्यामुळे अर्जाची पावती जपून ठेवावी. कोणत्या खिडकीवर कोण बसते हे गल्लीच्या ग्रुपवर विचारले तर खात्रीने कळते, परंतु स्वतःच्या आधारचे किंवा बँकेच्या पुस्तकाचे छायाचित्र त्या ग्रुपवर टाकू नये.

पुढची बदली आली की ग्रुपमधून गुपचूप बाहेर पडू नये. निघण्याच्या आठवड्यात दोन ओळी लिहाव्यात, राहिलेली वर्गणी चुकती करावी, ॲडमिन असाल तर ते काम दुसऱ्याकडे सोपवावे, आणि घरात येणाऱ्या नव्या भाडेकरूचा क्रमांक ‘नळ आले’ लिहिणाऱ्या त्या माणसाकडे देऊन जावे.